क्लासच्या आधी एम-२० काँक्रीट नीट समजून घ्यावे

पुतण्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तालुक्याच्या महाविद्यालयात कंपन्या येत नाहीत, तर त्याला पुण्यात मुलाखतीच्या क्लासला घालावे का, या आपल्या प्रश्नावरची बहुतेक उत्तरे इंग्रजी संभाषणाभोवतीच फिरत आहेत. मला ते दुय्यम वाटते.

नवख्या उमेदवाराची मुलाखत बहुधा त्याच्या प्रकल्पापासून सुरू होते आणि लगेच मूलभूत गोष्टींवर येते. काँक्रीटच्या प्रतीबद्दल ‘एम-२० म्हणजे काय?’ असे विचारल्यावर सिमेंट, वाळू आणि खडीचे १:१.५:३ हे प्रमाण सगळेच घडाघडा म्हणतात. परंतु १५० मिमीचा काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी दाबून पाहिल्यावर अपेक्षित असलेली ती २० न्यूटन प्रति चौरस मिमी इतकी ताकद आहे, आणि चाचण्यांचे ५ टक्क्यांहून अधिक निकाल तिच्याखाली जाऊ नयेत असे गृहीत धरलेले असते, इथपर्यंत जो पोहोचतो त्याचे मोडकेतोडके इंग्रजीही ऐकून घेतले जाते. गावाजवळ एखादे मोठे काम चालू असेल, तर ठोकळे भरताना आणि स्लम्प (साचा काढल्यावर ओले काँक्रीट किती खाली बसते ते) मोजताना त्याने एकदा प्रत्यक्ष पाहावे. (हे कोणताही क्लास दाखवत नाही.)

दुसरे, पदवी असो वा पदविका, केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करून ठेवावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळते. मात्र करारात तशी अट नसल्यास पुढे नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नसते, म्हणून सही करण्यापूर्वी ते कलम वाचून घ्यावे.