‘हिमनग’, ‘हिमचादर’ आणि ‘अनुकूलन’

प्रश्न : ‘हिमनग वितळल्यामुळे समुद्राची पातळी वाढते’ असे वाक्य मराठी लेखनात वारंवार आढळते. ते योग्य आहे का? याच संदर्भात येणाऱ्या ‘अनुकूलन’ (बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे) या शब्दाला रुळलेला मराठी पर्याय आहे का?

उत्तर : ते वाक्य शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे. हिमनग म्हणजे समुद्रात तरंगणारा बर्फाचा सुटा खंड. तो आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारत असल्याने तो वितळला तरी पातळीत जवळजवळ फरक पडत नाही. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ वितळून किंवा तुटून समुद्रात आल्यामुळे, आणि तापलेले पाणी प्रसरण पावल्यामुळे. दरीतून संथपणे सरकणारा बर्फ ती ‘हिमनदी’, आणि ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांना झाकणारा अफाट थर तो ‘हिमस्तर’ किंवा ‘हिमचादर’. ग्रीनलंडची हिमचादर संपूर्ण वितळल्यास जगभरची पातळी सुमारे ७ मीटरने वाढेल. त्याला अनेक शतके, कदाचित सहस्रके लागतील. १९०१ ते २०१८ या काळातली वाढ सुमारे २० सेंटिमीटर आहे. या वाढीला काही जण ‘उधाण’ म्हणतात, तेही मला पटत नाही, कारण अमावास्या-पौर्णिमेचे उधाण भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत ओसरते. ही वाढ तशी ओसरणारी नाही.

पुरवणी : ‘अनुकूलन’ हा शब्द जीवशास्त्रातून आला असून अहवालात तो चालेल, परंतु माणसाने नेमके काय करायचे हे त्यातून कळत नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, समुद्राशी जुळवून घेण्याच्या या कामाची स्वतंत्र शब्दसंपत्ती आहे. खाऱ्या पाण्यापासून शेत राखणारा बांध म्हणजे ‘खारबंदिस्ती’, बांध फुटून पडलेले भगदाड म्हणजे ‘खांड’, आणि बांधातले पाण्याचे दार म्हणजे ‘उघाडी’. गोव्यात अशा जमिनीला ‘खाजण’ आणि दाराला ‘मानस’ म्हणतात. भरतीच्या दाबाने हे दार आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडून आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते. समुद्राची सरासरी पातळी वाढली की ओहोटीची पातळीही वर येते, त्यामुळे दार उघडे राहण्याचा वेळ घटतो आणि बांध शाबूत असूनही भातशेतीत पाणी तुंबते. म्हणून केवळ ‘बांधाची उंची वाढवणे’ असे लिहिणे अपुरे आहे. उघाडीची जागा, रुंदी आणि तळाची पातळी बदलण्याचाही उल्लेख हवा. जेथे तेवढ्याने भागणार नाही आणि वस्तीच मागे न्यावी लागेल, तेथे मी ‘नियोजित माघार’ असे लिहितो. ‘पुनर्वसन’ हा शब्द मला तेथे अपुरा वाटतो, कारण त्यातून लोक कोठे गेले हे समजते, जमीन समुद्राला सोडून दिली हे समजत नाही.