'घ्या आणि विसरा' खरंच चालतं का?

सावकाश:
माझं मत सरळ आहे, चांगल्या कंपन्यांचे शेअर घ्यावेत आणि वीस-तीस वर्षं हात लावू नये. सारखी घे-वीक करणाऱ्याचे ब्रोकरेज, टॅक्स आणि चुकलेलं टायमिंग यात वर्षाला दोन टक्के जरी गेले तरी हिशोब बघा, १० टक्क्यांनी ३० वर्षांत पैसा साधारण १७ पट होतो आणि ८ टक्क्यांनी १० पट. आणि बाजार पडला की बाहेर पडू, सावरला की परत घेऊ म्हणणाऱ्यांना विचारायचंय, २०२० च्या मार्चमध्ये २३ तारखेला तळ लागला आणि २४ ला डाऊ (अमेरिकेतल्या ३० बड्या कंपन्यांचा निर्देशांक) एका दिवसात ११ टक्क्यांहून जास्त चढला, तुम्ही त्या दिवशी आत होतात का? नसणारच, बातम्या तेव्हा सगळ्या वाईटच होत्या.

शंकेखोर:
'चांगल्या कंपन्या' हे तुम्ही फार सहज लिहून टाकलंत राव. फोटो फिल्मवाली कोडॅक चांगलीच होती की, डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये त्यांच्याच इंजिनिअरने बनवला आणि २०१२ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लेहमन ही अमेरिकन बँक १८५० पासूनची, २००८ मध्ये खल्लास. जनरल इलेक्ट्रिक १९०७ पासून सलग डाऊमध्ये होती, २०१८ ला बाहेर काढली. हात न लावणाऱ्यांनी यांनाही हात लावला नसणार ना? फक्त तो माणूस आपली स्टोरी सांगायला येत नाही, ॲमेझॉन धरून बसलेला मात्र येतो.

सावकाश:
ॲमेझॉनचंच घ्या मग. १९९९ च्या शिखरावरून २००१ पर्यंत ९० टक्क्यांहून जास्त पडला होता, तुमच्यासारखा स्टॉपलॉसवाला (ठरलेल्या भावाखाली गेला की विकणारा) तेव्हाच उडाला असता.

शंकेखोर:
उडालो असतो, मान्य. पण त्याच इंटरनेट कंपन्यांच्या लाटेत पेट्स डॉट कॉम फेब्रुवारी २००० मध्ये शेअर बाजारात लिस्ट झाली आणि नोव्हेंबरमध्ये दुकान बंद, ती धरून बसलेल्याला संयमाचं काय फळ मिळालं? ९० टक्के पडलेला शेअर नुसता मूळ भावाला यायला दहापट व्हावा लागतो, आणि पडत असताना दोन्ही सारखेच दिसतात हीच तर गोची आहे.

सगळाबाजार:
तुम्ही दोघंही एकेका शेअरवर भांडताय. बेसेम्बिंडर नावाच्या प्राध्यापकाने १९२६ ते २०१६ चे अमेरिकेतले सगळे शेअर तपासले, निम्म्याहून जास्त शेअर्सनी आयुष्यभरात साध्या ट्रेझरी बिलाएवढंही (सरकारचं अल्पमुदतीचं कर्जरोखं) दिलं नाही, आणि बिलांच्या वर बाजाराने जी निव्वळ कमाई केली ती सगळी जेमतेम ४ टक्के कंपन्यांची. आता ते ४ टक्के आधी ओळखायची खुमखुमी असेल तर ओळखा बापडे, मी इंडेक्स फंड (निर्देशांकातले सगळे शेअर एकत्र घेणारा फंड) घेऊन झोपतो.

शंकेखोर:
गंमत म्हणजे तुमचा इंडेक्स स्वतः कुठे धरून बसतो? मागे पडलेल्याला काढतो, वर आलेल्याला घेतो. विकायचं काम तुमच्या वतीने दुसरं कोणीतरी करतंय एवढंच.

सगळाबाजार:
हो, आणि स्वस्तात करतंय. म्हणूनच घेतो.

निवृत्त_लवकरच:
इंडेक्सचं कौतुक चाललंय तर जपानचं पण बोला. तिथला निर्देशांक निक्केई १९८९ च्या डिसेंबरात ३८,९१५ वर होता, तो आकडा परत ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चाळिशीत घेतलेला माणूस चौऱ्याहत्तरीला बरोबरीत! लाँग टर्म म्हणजे नक्की किती लाँग ते एकदा सांगाच.

सगळाबाजार:
हे उदाहरण हमखास येतं आणि दरवेळी अर्धंच येतं. एक तर त्यात डिव्हिडंड (कंपनीने वाटलेला लाभांश) धरलेला नाही, दुसरं म्हणजे ते सगळे पैसे नेमके शिखराच्या दिवशी टाकलेल्याचं गणित आहे, २००९ मध्ये निक्केई ७ हजारांच्या आसपास होता, तेव्हाही दरमहा थोडं थोडं घेत राहिलेल्याला चौऱ्याहत्तरीची वाट बघावी लागली नाही. आणि सगळे पैसे एकाच देशात ठेवा असं मी कुठे म्हटलं?

निवृत्त_लवकरच:
दरमहा घेत राहायला दरमहा पगार लागतो. मंदीत बाजार पडतो आणि नोकऱ्याही तेव्हाच जातात, मग तळाला घ्यायचं सोडा, घर चालवायला तळालाच विकावं लागतं. धरून ठेवायची इच्छा सगळ्यांनाच असते हो, ऐपत किती जणांची असते? पैसे कधी लागतील ते तुमच्या ३० वर्षांच्या हिशोबाला विचारून ठरत नाही.

सावकाश:
त्यासाठी तीन वर्षांचा खर्च एफडीत बाजूला ठेवायचा, मग शेअरला हात लावायची वेळ येत नाही. त्याहून जास्त ठेवला तर महागाई खाऊन टाकते.

निवृत्त_लवकरच:
तीन कुठून पुरणार? अमेरिकेतल्या ५०० बड्या कंपन्यांच्या एसअँडपी ५०० निर्देशांकाने २००७ च्या ऑक्टोबरचं शिखर २०१३ च्या मार्चमध्ये परत गाठलं, जवळपास साडेपाच वर्षं झाली ती. मधली अडीच वर्षं कशावर काढायची ते लिहा.