भाषेचे वर्ग घेऊन आयर्लंड स्वतंत्र झालं का?

रानवाटा: गेलिक लीग हे आयरिश भाषेचं मंडळ म्हणजे संध्याकाळी आयरिश शिकायचं आणि सुटीला नाचायचं. १९१६ला ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात डब्लिनच्या पोस्टात बंदुका घेऊन शिरले ते लोक वेगळेच. या मंडळांचं फुकटचं कौतुक पुरे.

दक्षिणकाठ: वेगळेच? पोस्टासमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचणारा पॅट्रिक पिअर्स १९०३ पासून सहा वर्षं लीगच्याच मुखपत्राचा संपादक होता! पुढे स्वातंत्र्यलढ्याचा नेता झालेला मायकेल कॉलिन्स पंधराव्या वर्षी लंडनला पोस्टाच्या बचत बँकेत कारकुनीला गेला. तिथे हर्लिंग या आयरिश खेळाचा क्लब, लीगचा वर्ग, आणि १९०९ला त्याच गोतावळ्यातल्या सॅम मॅग्वायरने त्याला आयआरबी या गुप्त क्रांतिकारी संघटनेची शपथ दिली. गुप्त संघटना परक्या शहरातल्या पोराला पाटी लावून भेटत नाही. आधी मैदान भेटतं, मग माणसं. आणि उठावात उतरलेल्या आयरिश स्वयंसेवक दलाचा प्रमुख मॅकनील कोण होता? १८९३ला लीग काढणाऱ्यांपैकीच ना?

रानवाटा: मॅकनीलचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. उठावाच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात सूचना छापून कवायती रद्द केल्या त्यानेच. आणि १९१५ला डंडॉकच्या अधिवेशनात लीगने स्वतंत्र आयर्लंडचं ध्येय स्वीकारलं, तर डग्लस हाइड अध्यक्षपद सोडून गेला. हे तुमचे क्रांतिकारक?

शमा_न: सगळी पुरुषांचीच नावं. बाकीची राष्ट्रवादी मंडळं बायकांना दारात उभं करत नव्हती म्हणून मॉड गॉनने १९००ला स्वतःची संघटना काढली. डब्लिनच्या गरीब मुलांना फुकट आयरिश आणि इतिहास शिकवला, नाटकं बसवली. कोणी बोलणार आहे का त्यांच्याबद्दल?

गॉलवेकर: मला लीगचा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. विद्यापीठाच्या प्रवेशाला आयरिश सक्तीची केली ती यांच्याच चळवळीने, १९१३ पासून. तेव्हापासून सक्ती सुटलेलीच नाही. माझी मुलगी इथे आयर्लंडच्या शाळेत आयरिशचे धडे घोकते आणि शाळेबाहेर एक वाक्य तिच्या कानावर पडत नाही. भाषेवर प्रेम असं लावतात?

बार्देशी: १८३१ पासूनच्या सरकारी शाळांत इंग्रजीच होती, तिला सक्ती म्हणायला कोणाची जीभ वळत नाही! माझे आजोबा म्हापशाला पोर्तुगीज शाळेत शिकले. मराठी पोथी वाचायला आईने शिकवली, तीही कामातून उसंत मिळेल तेव्हा. धाकट्या भावाच्या वेळी ती उसंत उरली नाही. त्याला मराठी अक्षर कधीच वाचता आलं नाही.

गॉलवेकर: आजोबांबद्दल आदर आहे, पण रात्री रडणारी मुलगी माझ्या घरात आहे, तुमच्या नाही.

रानवाटा: माझ्या धाग्यावर शाळेचं भांडण नको. कॉलिन्सचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पोरं लीगमधूनच आली. हाइडला मात्र श्रेय देणार नाही.

दक्षिणकाठ: नका देऊ, त्यालाही ते नको होतं. पण प्रॉटेस्टंट पाद्र्याचा हा मुलगा आणि कॅथलिक शेतकऱ्यांची पोरं लीगमध्ये एकत्र बसत होती. डंडॉकला ती बैठक मोडली, आणि मला ते नुकसान वाटतं.

बार्देशी: @गॉलवेकर, शिकवायची पद्धत बदला म्हणा, मी तुमच्या बाजूने सही करतो. विषय काढून टाका म्हणालात तर नाही.

गॉलवेकर: मग नकोच तुमची सही.

शमा_न: माझ्या प्रश्नाला अजून एकही उत्तर नाही.