मदत हवी आहे: पोलर वायूमिश्रणाची घनता पेंग-रॉबिन्सनने जुळत नाही

घामाघूम_अंधेरी:
व्हेपर लाइनचं (वाफेच्या पाइपचं) सिम्युलेशन करतोय. पाणी, नायट्रोजन वगैरे मिश्रण आहे. पेंग-रॉबिन्सन (दाब-तापमानावरून घनता काढायचं समीकरण) लावलंय, पण घनता प्लँटवरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी येते. केआयजे (दोन घटकांच्या जोडीसाठीचा जुळवणीचा आकडा) बदलून बदलून वैतागलो, ढिम्म फरक नाही. उद्या क्लायंटबरोबर मीटिंग आहे. कोणतं मॉडेल घेऊ तेवढंच सांगा, थिअरी नको.

रसायनी_ताई:
दाब? तापमान? आणि "वगैरे"मध्ये काय काय आलं?

माटुंगा_रिटर्न:
डोळे मिटून पीसी-साफ्ट घ्या. २००१ चं मॉडेल, हायड्रोजन बाँडचा हिशेब त्यात धरता येतो. पेंग-रॉबिन्सन १९७६ चं, हायड्रोकार्बनवाल्यांचं. आमच्याकडे कोणी हात लावत नाही त्याला.

खडूस_काका:
आणि पॅरामीटर काय दादर मार्केटात मिळतात? त्याच क्युबिकला, म्हणजे पेंग-रॉबिन्सनला, वाँग-सँडलर मिक्सिंग रूल (घटकांच्या आकड्यांवरून मिश्रणाचे आकडे काढायचा नियम) जोडा. १९९२ पासून लोक वापरताहेत.

माटुंगा_रिटर्न:
काका, शुद्ध घटकाचीच वाफ चुकत असेल तर मिक्सिंग रूल काय दिवे लावणार?

खडूस_काका:
आम्ही यूडीसीटीत (माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या कॉलेजात) होतो तेव्हा हे सगळं हाताने सोडवायचो. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळायची, मागच्या मालकाने गणितं सोडवलेली असली तर सोन्याहून पिवळं.

शीतगृहवाला:
अमोनिया असेल तर पितळेचे व्हॉल्व्ह लावू नका. तडे जातात.

घामाघूम_अंधेरी:
अमोनिया कुठे म्हटलं मी?? दाब सव्वा बार, तापमान १३० अंश.

रसायनी_ताई:
मग दुखणं वेगळंच आहे. पाण्याचा डायपोल मोमेंट (रेणूतल्या विद्युतभाराचा असमतोल, म्हणजेच पोलरपणा) १.८५ डिबाय असला तरी एवढ्या कमी दाबाला त्याची वाफ जवळजवळ आदर्श वायूसारखीच वागते. केआयजे हलवून तिथे काही हाती लागणार नाही. फरक किती टक्के? आणि तिसरं काय आहे लाइनमध्ये?

घामाघूम_अंधेरी:
तीसच्या आसपास. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आहे ना, बहुतांश तेच. अ‍ॅसिडचाच प्लँट आहे.

रसायनी_ताई:
अहो, हे आधी सांगायचं! अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे रेणू वाफेतही दोन हायड्रोजन बाँडनी जोडीजोडीने राहतात. ११८ अंशांना, एका अ‍ॅटमॉस्फियरला शुद्ध वाफेची घनता आदर्श वायूच्या दीडपटीहून जास्त भरते. पेंग-रॉबिन्सन प्रत्येक रेणू सुटा धरतं, मग आकडा कमी येणारच. द्रवासाठी एनआरटीएल आणि वाफेसाठी या जोड्यांचा हिशेब धरणारं हेडन-ओ'कॉनेल (१९७५) मॉडेल घ्या. अ‍ॅस्पेन सॉफ्टवेअरमध्ये एनआरटीएल-एचओसी नावाने आहे. कंडेन्सरची ड्यूटीही (त्याने किती उष्णता काढायची ते) परत काढा. जोड्या न तुटताच वाफ होते, म्हणून उत्कलनबिंदूला सुप्त उष्णता मोलमागे जेमतेम २४ किलोज्यूल. पाण्याची ४०.७ आहे.

माटुंगा_रिटर्न:
असोसिएशनचे (रेणूंच्या जोड्या जमण्याचे) पॅरामीटर दिले तर पीसी-साफ्टनेही हेच आलं असतं.

रसायनी_ताई:
आलं असतं. पण त्यांची मीटिंग उद्या आहे.

घामाघूम_अंधेरी:
घनता बसली! आता कंडेन्सरची ड्यूटी बदलली, ते क्लायंटला कसं सांगू?

शीतगृहवाला:
कंडेन्सर अमोनियाचा आहे का?

खडूस_काका:
वाँग-सँडलर एकदा लावून बघायला काय हरकत होती?