ते देऊळ नाही, जागेच्या मालकाचं घर आहे

प्रश्न असा, की बँकॉकमध्ये इमारतींपुढे खांबावर छोटं देऊळ दिसतं ते कुठल्या देवाचं? त्याला 'सान फ्रा फूम' म्हणतात. जमिनीच्या रक्षकाचं घर. आपण बांधकाम करून त्याची जागा घेतली, तर त्याला राहायला वेगळं घर द्यायचं, ही भावना. मुख्य इमारतीची सावली त्यावर पडू नये हेही शक्यतो पाळतात. मला आपला वास्तुपुरुष आठवतो.

माझ्या गल्लीतली चहावाली रोज सकाळी तिथे लाल सरबताची बाटली ठेवायची. झाकण काढून, आत स्ट्रॉ घालून. पाहुण्याला द्यावी तशी. मग क्षणभर हात जोडून उभी राहायची. कृपया फोटोसाठी असं काही हलवू नका.

बँकॉकमधलंच एरावानचं देवस्थान मात्र वेगळं. तिथे आपलाच चतुर्मुख ब्रह्मदेव आहे. तिथल्या एरावान हॉटेलच्या बांधकामात विघ्नं येत होती म्हणून १९५६ मध्ये बसवलेला.

आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी: लहान मुलांच्या डोक्यावरून मायेने हात फिरवायची आपली सवय थायलंडमध्ये आवरा. डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानतात. मुलाकडे बघून नुसतं हसलात तरी आई खूश होते.