नशीब नव्हे, बचाव

एप्रिल २०२५, अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या (एनसीएए) फायनलआधी लिहितोय. उपांत्य सामन्यात ड्यूक विद्यापीठाविरुद्ध आपलं ह्यूस्टन विद्यापीठ नशिबाने वाचलं, असं काही जण म्हणतायत. मला नाही पटत. शेवटच्या आठेक मिनिटांत १४ गुणांची पिछाडी भरून काढून ७०-६७ जिंकायला नशीब पुरत नाही. ड्यूकला साधा बास्केट सापडेना, इतका ह्यूस्टनचा बचाव आवळला होता. आणि शेवटी आपल्या जे'वॉन रॉबर्ट्सचे ते दोन फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक)! मी तर डोळेच मिटून घेतले होते.

आता फायनल फ्लोरिडाशी, आणि धास्ती आहे ती त्यांच्या वॉल्टर क्लेटनची. दुसऱ्या उपांत्य सामन्यात ऑबर्नला एकट्याने ३४ गुण ठोकलेत पठ्ठ्याने. त्याला तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळं सोडलं की संपलंच.

जुन्या मंडळींना आता फक्त १९८३ आठवतंय. ओलाजुवॉन, ड्रेक्सलर असे दिग्गज संघात असूनही फायनलला एनसी स्टेट विद्यापीठाकडून ५४-५२ अशी हार, तीही शेवटच्या क्षणाच्या डंकवर (उडी मारून चेंडू थेट जाळीत). पुढच्या वर्षी फायनलला जॉर्जटाउनने हरवलं. २०२५ च्या या फायनलआधी फ्लोरिडाकडे दोन विजेतेपदं होती, आपली पाटी कोरीच.

फायनल सॅन अँटोनिओत, ह्यूस्टनहून गाडीने तीन तासांवर, पण तिकिटांचे भाव बघून मी घरच्या टीव्हीसमोरच बसणार. पुण्याचा भाऊ मंगळवारी सकाळी सहाला उठून बघणार म्हणतोय. त्याला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, पण उठणार!