मर्यादा ओलांडली म्हणजे विष?

कीटकनाशकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले म्हणजे शेतमाल विषारीच, असं काही जण म्हणतात. माल अडवणं योग्यच, पण ही कमाल मर्यादा (एमआरएल) विषबाधेच्या पातळीवरून काढतच नाहीत. लेबलप्रमाणे फवारणी करून, काढणीआधीचे ठरलेले दिवस पाळून शेतात चाचण्या घेतात. त्यात किती अवशेष उरतात यावरून ती ठरते. रोजच्या आहारातून पोटात जाणारी मात्रा सुरक्षित आहे ना, हे वेगळं तपासतात. ती सुरक्षित पातळी साधारणपणे प्राण्यांवर दुष्परिणाम न दिसलेल्या मात्रेचा शंभरावा हिस्सा असते.

त्यामुळे नमुना नापास झाला की पहिला संशय फवारणीवर घ्यावा. युरोपीय संघात तर एखाद्या पिकासाठी मर्यादा ठरलेलीच नसेल तर सहसा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. तिथे नापास होण्याचं कारण कधी कधी निव्वळ कागदी असतं.